ग्रीस लावलेल्या तारा

माझ्या बेस गिटारला बोटीच्या इंजिनाचं ग्रीस फासणारा माणूस आज सकाळी गेला.

मोरेश्वर. सातपाटीचा. बोट किनाऱ्याला असली की आमच्या ऑर्केस्ट्राचा ड्रमर.

दुपारी त्याला पोचवून घरी आले. बेसची केस उघडली आणि नुसतीच बसून राहिले. मग वाटलं, लिहावं. तुमच्यापैकी बरेच जण मला फक्त बोईसरची टीचर म्हणून ओळखतात.

बेस म्हणजे चार जाड तारा आणि लांबलचक दांडा. खांद्यावर इतकं वजन, की दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहायला हात वर जात नाही. आणि एवढं करून लोकांना ऐकू येतो तो गायक.

"मग तू वाजवतेस कशाला?" माझ्या नवऱ्याने एकदा अगदी मनापासून विचारलं होतं.

मलाही तेच जाणून घ्यायचं होतं.

मी शाळेत असताना सिस्टरनी क्वायरसाठी साधी गिटार शिकवली होती. बेस मी तिशी उलटल्यावर घेतला, वसईच्या एका मुलाकडून, सेकंडहँड. प्रत्येक गाण्याच्या खाली काहीतरी चालत असतं. ते काढून घेतलं तर काय होतं? ते आपण वाजवलं तर कसं वाटतं? एवढंच बघायचं होतं.

ऑर्केस्ट्राचे मालक नाना. कीबोर्ड तेच वाजवायचे.

"बाई, सातपाटीला एक हळद आहे. त्यात बघू," ते म्हणाले. "जमलं तर ठीक. नाहीतर माझा डावा हात आहेच."

कीबोर्डवर डाव्या हाताने बेस वाजवता येतो. म्हणजे माझ्यावाचून त्यांचं काहीच अडत नव्हतं.

मी त्या हळदीसाठी मुंबईहून नव्या तारा मागवल्या. आदल्या दिवशी मोरेश्वरच्या ओटीवर प्रॅक्टिस केली. तारा अशा खणखणीत वाजत होत्या, की मी स्वतःवरच खूश. बेस तिथेच ठेवून एसटीने घरी आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले तर बेस खाटेवर, टॉवेल अंथरून निजवलेला.

तारा काळ्या आणि चिकट.

"मोरेश्वर, हे काय?"

"ग्रीस लावलं, टीचर. बोटीचं. आमची खारी हवा हाय, नवं लोखंड लगेच गंज धरतं."

"अरे, ही गिटार आहे!"

"तार लोखंडाचीच ना पण?"

त्याचा चेहरा इतका प्रसन्न होता, की मला रागावताही येईना.

अंगणात सुके बोंबील आवरत असलेल्या त्याच्या आईने मात्र ऐकलं. "मेल्या, तिला वाजवायचं हाय, मासे धराय नाय जायचं!"

तिने जुन्या लुगड्याचा तुकडा फाडून आणला. आम्ही दोघी तारा पुसत बसलो. वरचं ग्रीस निघालं. जाड तारेला बारीक तारेचे वेढे असतात, त्यांच्या आत शिरलेलं काही निघेना. पालघरला तेव्हा बेसच्या तारा मिळत नव्हत्या. तारा पाण्यात उकळून साफ करतात, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं.

मांडवात वायर जोडली, तार छेडली.

दुब्.

बस. काल घुमणारा स्वर आज जन्मला तिथेच संपला.

नानांनी माझ्याकडे बघितलं. डावा हात कीबोर्डवर ठेवला.

मी रडायच्या बेतात होते. मोरेश्वर मागून हळूच म्हणाला, "टीचर, माझा पायातला ड्रम ऐका. त्याच्यावरच टाका. बाकी सगळं सोडा."

सोडलं. दुसरं करणार काय? घरी बसवलेल्या नक्षीच्या जागा त्या तारांवर निघतच नव्हत्या. त्याचा पाय ड्रमच्या पेडलवर पडला की माझं बोट पडायचं. दुब्. मग थांबायचं. मग परत.

आणि काहीतरी व्हायला लागलं.

हळद लावलेल्या बायका नाचत होत्या, त्या आता जमिनीत पाय रोवून नाचू लागल्या. मला माझा आवाज वेगळा ऐकूच येईना. तो मोरेश्वरच्या ड्रमात शिरला होता. मी वाजवते आहे की तो, तेही कळेना.

तेवढ्यात नानांनी डावा हात उचलला. खिशातून रुमाल काढला, मान पुसली. रुमाल परत खिशात गेला.

हात कीबोर्डवर परत आलाच नाही. मांडीवर पडून राहिला.

मी श्वास सोडला तो तेव्हा.

नंतर जेवणाच्या पंगतीत मोरेश्वरची आई म्हणाली, "तुजं काय ऐकाय नाय आलं गो. पण पायाला लागत होतं."

इतक्या वर्षांत माझ्या वाजवण्याबद्दल कुणी याहून नेमकं बोललेलं नाही.

हे ग्रीसमुळे झालं? की नक्षी सुटल्यामुळे? की केवळ घाबरल्यामुळे मी पहिल्यांदा दुसऱ्याचं ऐकलं? पुढे वाचलं, की काही बेसवाले याच आवाजासाठी वर्षानुवर्षं तारा बदलत नाहीत. मोरेश्वरला मी कितीदा तरी विचारलं, "तुला ठाऊक होतं का रे?"

"मला काय ठाऊक? लोखंड दिसलं की हात जातो."

खरं काय ते अजून मला माहीत नाही. आता विचारायलाही कुणी नाही.

त्या हळदीच्या रात्री नाना वायरी गुंडाळता गुंडाळता माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढची हळद सफाळ्याला आहे. येणार का, बाई?"

मी तोंड उघडायच्या आत मोरेश्वर बोलला. "येतील ना टीचर. तारांचं मी बघतो."

"तू माझ्या तारांना हात लावायचा नाहीस!"

"लावू द्या त्याला," नाना म्हणाले. "मला हाच आवाज पायजे."

सुखाने जा, मोरेश्वर.
तुझ्या टीचरचा तुला नमस्कार.