अण्णाच्या नावाची मूठ

अण्णानं माझा रिकामा हंडा पायानं ढकलला. तो ऑफिसच्या पायरीवरून घरंगळत रस्त्यात गेला. बाकावर बसलेली त्याची माणसं खो-खो हसली.

“काय वं माय,” अण्णा म्हणाला, “तुन्हं मत ते मीच टाकेल शे. मंग तू मन्हाकडे काय मांगाले उनी?”

तुझं मत मीच टाकलं, मग तू कसलं मागायला आलीस? आमच्याच अहिराणीत बोलला, म्हणून जास्त लागलं. गुजरातीत बोलला असता तर कळलंच नाही असं सोंग तरी करता आलं असतं.

गुजरातेतल्या बमरोलीतली चाळ ती. सगळी खानदेशातून कापडाच्या लूमवर कामाला आलेली माणसं. अण्णाही आमच्याकडचाच. आधी लूमवर कारागीर, मग माणसं पुरवणारा ठेकेदार, मग चाळीचा मालक. नव्वदच्या दशकात महापालिकेत बायकांसाठी जागा राखीव झाल्या, तर ह्यानं बायकोला उभी केली. पोस्टरवर हात जोडलेला मात्र हाच. ती बिचारी कोपऱ्यात, काडेपेटीवरच्या चित्राएवढी.

मतदानाला आम्हा बायकांना टेम्पोत घालून शाळेत नेलं. बोटाला शाई लागली, मतपत्रिका हातात आली, आणि अण्णाच्या माणसानं ती तिथल्या तिथं काढून घेतली. शिक्का मारला. घडी घातली. पेटीत टाकली. “जा बेन, थई गयुं.” झालं म्हणे. टेबलामागचे साहेब पंख्याकडे बघत होते. आणि मी? मी खूश! शिक्का कुठं मारायचा ह्याची धास्ती होती, ती मिटली. टेम्पोत बोट वर धरून बसले, वरातीतल्या नवरीसारखी. घरी आल्यावर त्या बोटाला राख लागू दिली नाही, भांडी एका हातानं घासली. असलं आमचं ध्यान.

पुढं अण्णानं चाळीचा नळ बंद केला आणि पाणी आपल्या नव्या डाइंगच्या, कापड रंगवायच्या हौदाकडे वळवलं. तेव्हा मी हंडा घेऊन गेले. का, तर मला वाटत होतं, मी मत दिलंय.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. ते म्हणाले, “खरंच आहे की त्याचं. तू कुठं टाकलंस?” आणि जेवायला बसले. मतपत्रिकेबरोबर विचारायचं तोंडच अण्णाच्या माणसानं माझ्याकडून काढून घेतलं होतं, आणि मी हसून दिलं होतं.

श्रावणात कानबाई आली, आमची खानदेशची देवी. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी आमच्यात घरातल्या प्रत्येक पुरुषामागं सव्वा मूठ गहू घेतात. बायकांची मूठ नसते, ते वेगळं रडगाणं. रोट घरच्यांनीच खायचे, भाऊबंदाबाहेर तुकडा जात नाही. पण अण्णानं चाळीत रीत पाडली होती: दर घरात त्याच्याही नावाची मूठ. “मी सगळ्यांचा कर्ता,” म्हणे. ती मूठ भरायची हौस मलाच. गच्च दाबून, वर चार दाणे जास्त. सासूबाईंना म्हणायची, “आत्या, असा भाऊ नशिबानं मिळतो.” आता आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते, पण खांदा धरलाय, हात वर जात नाही.

त्या वर्षी गहू घ्यायला बसलो तेव्हा अण्णा येऊन खाटेवर बसला. आपली मूठ पडताना बघायला यायचाच तो. सासूबाईंनी सुपात नवऱ्याची मूठ टाकली, दिराची टाकली. मग म्हणाल्या, “ही आपला अण्णानी.”

मी सुपावर हात आडवा धरला. “ते आपल्या घरचे नाहीत.”

“येडी झायी का वं?” सासूबाईंची मूठ अधांतरीच.

अण्णा हसला. “खोली कोन्ही शे?”

“खोली तुमची. भाडं घेता तिचं. कानबाई आमची.”

“तुन्हा नवराले इचार.”

नवरा पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. बघू दे. मी हात काढला नाही. सासूबाईंच्या बोटांतून दाणे माझ्या हातावर गळत होते. शेवटी त्यांनी मूठ डब्यात सोडली आणि माझ्यावरचा राग झाकणावर काढला.

अण्णा उठून गेला.

महिना संपायच्या आत नवऱ्याचं काम गेलं, खोली गेली. उधन्याच्या झोपडपट्टीत पत्र्याखाली आलो. हिच्या जिभेनं संसार मोडला, असं सासूबाई मरेपर्यंत म्हणत राहिल्या. चाळीतल्या एकाही घरानं माझं बघून हात आडवा धरला नाही. उलट पुढच्या श्रावणात अण्णाच्या मुलाच्याही नावाची मूठ निघाली. बायको परत निवडून आली. तिच्यानंतर मुलगा. म्हातारी शेवटी काही गोड सांगेल म्हणून कुणी बसलं असेल, तर त्यानं उठावं.

हल्ली मी इतकी म्हातारी झालेय की फोटोत शोभते. निवडणूक आली की आधी फोटोवाला दारात उभा राहतो, मग पाया पडणारा येतो. “माय, आम्ही तुमचीच लेकरं.” मी पाय खुर्चीखाली ओढून घेते. सून दटावते. दटावू दे. त्याचं डोकं घेऊन मी काय करू? मला त्याचं तोंड समोर हवंय.

“सरळ उभा राहा,” म्हणते, “आणि मागच्या खेपेला आमच्या नावावर काय काय केलंस ते सांग.”

सांगितल्याशिवाय त्याला उंबऱ्याच्या आत घेत नाही. अजून एकालाही घेतलेलं नाही.