गोरजाच्या आत उतरलेला नवरदेव

"न्हाय म्हणू नका साहेब! पोरीला हळद लागलीया!"

मुलीचे वडील, गडमुडशिंगीचे दादा, माझ्या टेबलावर दोन्ही हात आपटून ओरडत होते. ऐंशीच्या दशकात मी कोल्हापूर विमानतळावर अधिकारी होतो. नवरदेव बोटीवरचा इंजिनिअर. बोट मुंबईला उशिरा लागली, म्हणून दादांनी छोटं विमान ठरवलेलं. लग्न गोरज मुहूर्तावर, म्हणजे सूर्य बुडता बुडता. आमच्या धावपट्टीला दिवे नव्हते, त्यामुळं विमानही उजेड असतानाच उतरायला हवं. मुहूर्त हुकला तर नवरदेव परत बोटीवर आणि लग्न पुढच्या वर्षावर.

फोनवर मुंबईचे आमचे साहेब होते. "साडेपाचला सुटेल. पुण्यावरून सव्वातीनशे किलोमीटर, स्पीड ताशी अडीचशे. पोचेपर्यंत पावणेसात होतील, सूर्य बुडायच्या अगदी काठावर येतंय. कॅन्सल करतो."

"सर, पुण्यावरून कशाला? डायरेक्ट आणा. तीनशेच्या आत बसतंय."

"आणि हेडविंड लागला तर?"

हेडविंड म्हणजे समोरून येणारा वारा. तो विमानाला मागं ओढतो. पण वैशाखातल्या दुपारी आमच्याकडं वारा वायव्येचा, मुंबईहून येणाऱ्याला पाठीमागून ढकलणारा. तरी बाहेर जाऊन विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी, बघून आलो. टम्म फुगलेली, शेपूट आग्नेयेकडं!

"वारा मागूनच आहे सर. सोडा. अर्ध्या वाटेत रेडिओवर वेळ घेतो. उशीर दिसला तर पुण्याला वळवू."

"जबाबदारी तुमची."

"माझीच."

अर्ध्या वाटेत पायलटचा आवाज आला. विमान हिशेबापेक्षाही पुढं होतं. मला नाचावंसं वाटलं. उड्या मारतच बाहेर आलो आणि बघतो तर काय, धावपट्टीच्या टोकाला आरतीची ताटं घेतलेल्या बायका आणि हलगीवाले!

"दादा, हे काय?"

"गावाची शीव हितंच लागती की! नवरदेवाला शिवंवर ओवाळल्याबिगर आत कसा घ्यायचा?"

"विमान काय बैलगाडी हाय व्हय, ताटापुढं थांबायला? व्हा बाजूला!"

जीपचा हॉर्न वाजवत सगळ्यांना ऑफिसपाशी पिटाळलं. तेवढ्यात विमान दिसलं आणि चांगल्या लख्ख उजेडात टेकलं. बायकांनी ओवाळलं. मी सुटकेचा निःश्वास टाकतोय तोवर हलगी कडाडली आणि वरात निघाली. म्हणजे, निघाली कसली! दहा पावलं गेली की थांबून नाचायची. या चालीनं गावात पोचेपर्यंत चांदण्या उगवल्या असत्या.

नवरदेवाचं मनगट धरलं, जीपमध्ये बसवलं आणि सुसाट सुटलो.

अक्षता वेळेवर पडल्या. दादांनी मला मिठी मारली, फेटा बांधला. लग्नात नवरदेवापेक्षा मीच जास्त मिरवलो, खोटं कशाला सांगू!

तेव्हापासून नव्या माणसाला एवढंच सांगत आलो. मुंबई ते कोल्हापूर किती वेळ लागेल, ते नकाशा आणि वारा बघून काढता येतं. धावपट्टी ते मांडव किती लागेल, ते आधी हलगीवाल्यांना विचारावं.