फोटोपुरता फलक

पेंटरकाकांचं अक्षर म्हणजे अक्षर होतं बरं का! हल्लीच्या छापील फ्लेक्सनी त्याच्यापुढे पाणी भरावं. म्हणूनच सरकारी माहिती कार्यालय आपले सगळे फलक त्यांच्याकडून रंगवून घ्यायचं. परदेशातून मदत आली की नियमच होता: पैसा कुणी दिला, किती दिला, त्यातून काय झालं, हे लोकांना दिसेल असं रस्त्यावर लिहायचं. नियम चांगलाच होता हो, पण या कार्यालयाची रीत उफराटी. काम होवो न होवो, वर्षअखेरीला पैसा देणाऱ्या देशाकडे फलकाचा फोटो गेलाच पाहिजे. त्यामुळे फलक आधी आणि इमारत सवडीने.

हमरस्त्यावरच्या प्रसूतिगृहाचंही तेच झालं. समोरची भिंत तेवढी रंगवलेली, दाराला कुलूप आणि आत फरशीचा पत्ता नाही. काकांनी शिडीवरूनच विचारलं, "साहेब, 'काम पूर्ण' असं लिहू? आत तर नुसत्या विटा पडल्यात."

माहिती अधिकारी हसला. "फोटोपुरतं हो काका! दोन महिन्यांत होतंयच सगळं. तुम्ही आपलं अक्षर काढा."

काकांनी ब्रश उचलला. निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत आधी देणाऱ्या देशाचं नाव लिहिलं, मग रक्कम, आणि खाली ठळक: 'काम पूर्ण. प्रसूतीची सोय, कुठल्याही वेळी.' 'वेळी'तल्या ळ ला नेहमीसारखं गोल वळण दिलं. घरी मात्र कुणापाशी चकार शब्द काढला नाही. काढला असता तर! पण फलकाचं काय घरी सांगायचं, असं त्यांना वाटलं.

दोन महिन्यांचं वर्ष झालं. कुलूप गंजलं, अक्षर मात्र तसंच लखलखीत.

काकांची एकुलती लेक त्याच रस्त्याला, पुढच्या गावात दिलेली. एका दुपारी तिला अचानक कळा सुरू झाल्या. जावयाने तिला रिक्षात घातलं आणि शहरातल्या हॉस्पिटलकडे निघाला. वाट तासाभराची. मध्येच तो फलक दिसला आणि रिक्षा थांबली. जावयाने दार बडवलं, मागे जाऊन हाका मारल्या, रखवालदाराला शोधत चहाच्या टपरीपर्यंत धावला. त्यात अर्धा तास गेला. शहरात पोचेपर्यंत बाळ पोटातच गेलं होतं. मुलगी होती. "थोडं आधी आणायला हवं होतं," डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या.

काका धापा टाकत वॉर्डात आले. लोखंडी खाटेवर लेक डोळे उघडे ठेवून पडलेली. जावई स्टुलावर बसून कुणालाच उद्देशून नाही असं बोलत होता, "मी म्हणत होतो, सरळ शहरात जाऊ. इमारत बंद दिसतेय. हीच ऐकेना."

"बाबा," लेक म्हणाली, "तो ळ तुमचाच होता ना? लहानपणी तुमच्या फलकांवर ओळी आखायला दोरी धरायचे मी, मला ओळखू येणार नाही होय? मीच यांना म्हटलं, बाबांनी लिहिलंय, म्हणजे आत माणसं असणारच. थांबा जरा."

'नंतर बंद पडलं असेल गं,' असं म्हणून काकांना वेळ मारून नेता आली असती. अगदी जिभेवर आलं होतं ते. पण या पोरीशी आता खोटं कुठल्या तोंडाने बोलणार?

"माझाच होता," ते म्हणाले. "आणि पोरी, मी लिहिलं तेव्हाही आत काही नव्हतं. मला ठाऊक होतं गं."

जावई उठून बाहेर निघून गेला. काका खाटेची कड धरून लहान पोरासारखे रडायला लागले.

"अक्षर छान आलं होतं, बाबा," लेक म्हणाली आणि भिंतीकडे कूस वळवली.