वन्संचा बाराचा खेळ

ईशा, अर्णव, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "ती खुनाचे सिनेमे बघणारी आजी गेली ना?" तुमच्या बाबाने त्याच्या आत्याची एवढीच गोष्ट तुम्हाला सांगितलेली असणार, आणि ती खोटी नाही. माझी नणंद वत्सला दर शुक्रवारी असले सिनेमे बघायला जायच्या. पण तेवढंच तुमच्याजवळ उरलं, तर त्या तुमच्यासाठी एक विनोद होऊन राहतील. त्यांना जाऊन महिना उलटला. त्या सिनेमांमागचं कारण त्यांनी फक्त मला सांगितलं होतं. ते माझ्याबरोबर संपू नये, म्हणून आज टेबल आवरून लिहायला बसले आहे.

बातमी आली तेव्हा मी दूध तापवत होते. गडमुडशिंगीहून त्यांच्या मुलाचा, प्रकाशचा, फोन होता. "मामी, आई उठंना झालीया... तुमी या की लगेच." रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, की गॅस बंद केला का ते आठवत नाही. माझं असं कधी होत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

मी त्यांना वन्सं म्हणत असे. नणंदेला तसंच म्हणायची आमच्यात रीत. प्रकाशच्या पाठीवर त्यांना एक मुलगी होती, रोहिणी. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. उंच, सावळी, बोलायला फटकळ. नव्वद सालानंतर कधीतरी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना, मेंदूज्वराने चार दिवसांत गेली. त्यानंतर वन्संनी दर शुक्रवारी कोल्हापूर धरलं. म्हशींच्या धारा काढून बसने यायच्या, अंबाबाईची ओटी भरायच्या आणि तिथून थेट एका जुन्या थिएटरात बाराच्या खेळाला जायच्या. पिशवीत प्रसादाचा नारळ, कपाळाला देवीचं कुंकू आणि समोर पडद्यावर कोयता घेऊन धावणारा माणूस! सिनेमा दर आठवड्याला बदलायचा, पण सगळे एकाच माळेचे. एक ओसाड बंगला, सहलीला आलेली कॉलेजची पोरं, आणि एकेकाला गाठून मारणारा कुणीतरी. आमच्या घरात याची लाज वाटू लागली होती. "पोरगी जाऊन वरीस न्हाय झालं तवर हिला मुडदं बघायची हौस सुटलीया," तुमचे आजोबा एकदा चिडून म्हणाले. मग आवाज खाली आला. "तू जा गं एकदा तिच्यासंगं. डोस्क्यावर परिणाम तर झाला न्हाय ना, बघून ये."

मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. असल्या पोस्टरखालून जातानाही मान वळवत असे. पण मे महिन्याची सुट्टी होती, आणि भावा-भावजयांत त्यांच्या मनातलं विचारू शकेल असं दुसरं कुणी नव्हतं. दारावरचा माणूस वन्संना चांगलाच ओळखत होता. "या मावशी. आज लई मुडदं हायत," तो म्हणाला. "गेल्या खेपंला बी असंच म्हनलास," वन्सं म्हणाल्या, "निम्मं तर पळूनच गेलं की रं." आत विड्यांचा धूर, मोडक्या खुर्च्या, ढेकूण आणि पानाच्या पिचकाऱ्या. मी पदर आवरून, पाय वर घेऊन बसले. सिनेमा इतका गरीब होता, की त्याची दया यावी. खुन्याच्या तोंडावर बटाट्याचं पोतं, पोत्याला मागून सुतळीची गाठ. रक्त एका प्रसंगात कुंकवासारखं, दुसऱ्यात टोमॅटोच्या सॉससारखं. भिंतीवर शूटिंगचा दिवा धरणाऱ्या माणसाची सावली. मला हसू येत होतं आणि, खरं सांगते, पोत्यातले ते दोन डोळे दिसले की भीतीही वाटत होती.

मग एक मुलगी जिन्यात मारली गेली. खुनी दाराकडे वळला, आमचे डोळे त्याच्यामागे गेले, आणि वन्संनी माझं मनगट घट्ट धरलं. "वैनी, तकडं न्हाय. तिच्याकडं बघा. प्वॉट बघा तिचं." मी पाहिलं. लाल रंगात पडलेल्या त्या मुलीचं पोट वरखाली होत होतं. धावून दमली असणार, आणि पुन्हा चित्रीकरण करण्याइतकी ऐपत त्या सिनेमावाल्यांची नसणार. तेवढ्यात पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "आरं, जिती हाय की ती!" दुसरा म्हणाला, "ए बाय, ऊठ, च्या झालाय!" सगळं थिएटर हसायला लागलं. शिट्ट्या, टाळ्या, "जिती हाय, जिती हाय!" वन्संही हसत होत्या. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

बाहेर आल्यावर पायरीवर बसून त्यांनी नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि आपणहून बोलल्या. "रोहिणीला झाकलं तवा मला तिचं प्वॉट हाललेलं दिसलं हुतं. मी म्हनलं, थांबा वाईच. कुनी थांबलं न्हाय, वैनी. मला धरून भाईर काढलं. डागदरबी म्हनाला, भास हाय. असंल... असंल भास. पर त्या दिवशी मी एकलीच म्हनत हुते. हितं सगळं थेटर म्हनतंय."

घरी आल्यावर तुमच्या आजोबांना मी एवढंच सांगितलं, की डोक्यावर परिणाम नाही, जाऊ द्या त्यांना. पुढे मी कितीतरी शुक्रवारी त्यांच्याबरोबर गेले. एकदा मी हौसेने त्यांना एक मोठ्या खर्चाचा, नावाजलेला सिनेमा दाखवला, तर मध्यंतरातच उठल्या. "ह्येंचं मेल्यालं खरंच मेल्यालं दिसतंय," म्हणाल्या. दोन हजार सालानंतर ते थिएटर बंद पडलं. तुमच्या बाबाने घरी सीडीचं यंत्र आणून दिलं, पण त्यांनी ते लावलं नाही. घरात कोण ओरडणार होतं?

मी गडमुडशिंगीला पोचले तेव्हा त्यांना घराच्या पुढच्या सोप्यात निजवलं होतं. डॉक्टर येऊन गेले होते. माणसं उचलायला वाकली आणि मी म्हणाले, "थोडं थांबा." प्रकाशने हात मागे घेतला. सगळे थांबले. मी त्यांच्या पदराकडे बघत राहिले... बराच वेळ. मग मीच म्हणाले, "चला."

संध्याकाळी मी टीव्हीवर मालिका बघते. एखाद्या प्रसंगात कुणी मेलं, की भोवतीची माणसं रडतात आणि पडदाभर त्यांचेच चेहरे दाखवतात. मी त्यांच्याकडे बघत नाही. कोपऱ्यात पांढऱ्या चादरीखाली निजवलेल्या माणसाच्या पोटाकडे बघते. बहुतेक वेळा ते हलतं. मग खोलीत कुणी नसलं तरी मी मोठ्याने सांगते, जिवंत आहे. वन्संची एवढी सवय माझ्याकडे आहे.