खाणीतल्या मातीत झाडूच्या काड्या

रात्रभर शिंतडलेल्या सप्टेंबरच्या पावसानं जळगावच्या सराफ बाजारातली धूळ पायऱ्यांना चिकटून बसली होती. अशा सकाळी झाडू चालत नाही, म्हणून अभिमन पत्र्याच्या तुकड्यानं ती खरवडत होता. सोनारांच्या दारातली माती आणायची, परातीत धुवायची, तळाशी राहील तो सोन्याचा कण आपला. पंचवीस वर्षं हाच धंदा.

तरी खाण म्हटल्यावर त्याचीही मती फिरली. बायकोची, सुगंधाबाईची, सोन्याची पोत मोडून त्यानं ‘सुवर्णशिखर मायनिंग’चे शेअर घेतले. चार वर्षं झाली. दर सभेत अध्यक्ष बन्सीलाल शेठ पडद्यावर डोंगर दाखवायचे. डोंगर तोच, शेठचा कोट तेवढा नवा.

आज सभा धुळ्याला. सुगंधाबाईनं डबा हातात देत सांगितलं, “मन्ही पोत माघारी कव्हय येई, एवढंच इचारा. बाकी बठ्ठं ऱ्हाऊ द्या.”

हॉलमध्ये दर सभेला त्याच्या शेजारी बसणारे दोंडाईच्याचे मिरचीवाले नवलभाऊ आधीच उठले होते. “शेठ, चार वर्षं खोदताय ते डोंगराला की आम्हाला?”

शेठ हसले. “तुमच्या भावना समजतात. म्हणूनच यंदा प्रत्येकाला आपल्या खाणीची माती भेट.”

पुड्या वाटल्या गेल्या. लोकांनी त्या कपाळाला लावल्या. अभिमनच्या हातात माती आली की त्याला गप्प बसवत नाही. आचाऱ्याकडून परात मागून तो नळाखाली बसला. परात फिरली, गाळ वाहिला, तळाशी पिवळं चमकलं. टाळ्या पडल्या. शेठनी परातीसोबत फोटो काढून घेतला.

अभिमन मात्र गाळ चिवडत होता. त्यात सुपारीचं खांड होतं आणि झाडूच्या तीन काड्या.

“शेठ, डोंगरना पोटमा झाडू कोनी मारा?” त्यानं विचारलं. “ही सराफ बाजारनी माती शे. मी रोज धुवस.”

“तांत्रिक मुद्दा आहे,” शेठ म्हणाले. “नोंद घेतली.”

नवलभाऊंनी त्याला दंड धरून बाजूला नेलं. “आबा, हळू. सोनं निघालं म्हणून भाव चढतोय. आत्ताच विकून टाका, वहिनींची पोत होईल. मग बोंबला हवं तेवढं.”

“पन लेनारा कोन?”

“असेल आपल्यासारखाच कोणीतरी.”

अभिमननं काड्या मुठीत घेतल्या. मग माईकपाशी गेला आणि झाडूच्या काड्यांचं सगळं पुन्हा, मोठ्यानं सांगितलं. संध्याकाळपर्यंत शेअर फुकट घ्यायलाही कोणी राहिलं नाही. सभेच्या वृत्तांतात आलं, ‘भागधारकांनी मातीचे कौतुक केले.’

घरी सुगंधाबाई दारातच होती. “पोत?”

त्यानं कागद उलगडून कण दाखवला. मोहरीएवढाही नव्हता. कंपनीकडून सोनं मिळालेला भागधारक तो एकटाच.

“इतलंच भेटनं. शेअर इकाले सांगत व्हतात. पन लेनारा बी आपलासारखाच व्हता.”

तिनं कागद दुमडून कोनाड्यात ठेवला. मग पदर खोचला. “नळले पानी येल शे. नळी धरा.”

त्यानं शर्ट काढून खुंटीला अडकवला आणि नळी पिंपात सोडली.