पट्टा बांधणारा मोंजी

सफाक्स शहराबाहेर, गाबेसच्या रस्त्यावर आमचा ऑलिव्हचा तेलघाणा आहे. मी, सालहा, तिथे वजनकाट्यावर बसते. मोंजी आमच्याकडे आला तेव्हा तोडणीचा हंगाम नुकताच लागला होता. पंचेचाळिशीचा माणूस, बोलणं मोजकं. मालक हाजी सादोक यांनी त्याला जुनी डिझेल फोर्कलिफ्ट दाखवली. त्याने टायर बघितले, साखळी बघितली, खाली वाकून तेल गळतंय का तेही बघितलं. शेवटी सीटचा पट्टा ओढला, तर तो उंदरांनी कुरतडलेला.

“पट्टा नवा आणा हाजी, मग चालवतो.”

“अरे बाबा, दारात आठ गाड्या खोळंबल्यात! माल तापला तर तेलाला वास येईल. तू काय विमान उडवणार आहेस?”

मोंजी भांडला नाही. बाह्या सारल्या आणि हातानेच क्रेट उतरवायला लागला. असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी हाजींनी धुसफुसत पट्टा आणवला.

तेव्हापासून हातेमला आयतं खाद्य मिळालं. हातेम आमचा दुसरा ड्रायव्हर, तोंडाचा मोठा. मोंजीने पट्टा लावला की तो अंगणभर ऐकू जाईल असं ओरडायचा, “काय रे, आईने झोळीत बांधून पाठवलंय का?”

मोंजी हसायचा आणि वजन जमिनीपासून वीतभरच उचलून सावकाश निघायचा. भरलेली पेटी घेऊन उतार उतरायचा तो नेहमी मागे तोंड करून, उलटा. शेडचं दार बंद असेल तर आत मशीन नेतच नसे. “धूर कोंडतो,” एवढंच म्हणायचा.

एकदा जेवताना मीच विचारलं, तेव्हा त्याने पावाला हरीसाची तिखट चटणी लावता लावता सांगितलं. आधी तो दगडांच्या वखारीत होता. तिथे रिदा नावाचा सोबती होता. एक दिवस रिदाची फोर्कलिफ्ट कलंडली.

“त्याने उडी मारली, सालहा. कुणीही मारेल. पण मशीनचं लोखंडी छप्पर त्याच्याच अंगावर आलं. सीटवर राहिला असता तर त्याच छपराने त्याला वाचवलं असतं.”

जानेवारीत, दुपारच्या वेळी ते घडलं. सांडपाण्याच्या खड्ड्याकडे जाणारा जमिनीखालचा पाइप फुटला होता आणि वरून जमीन कोरडी ठणठणीत दिसत होती. मोंजी भरलेली पेटी घेऊन तिथून चालला आणि डावं चाक भसकन खचलं. माझ्या खिडकीतून मी बघत होते. मशीन कलायला लागलं. मी किंचाळले, “उडी मार!”

त्याने मारली नाही. स्टिअरिंग घट्ट धरलं, पाय रोवले, अंग उजवीकडे झोकलं. धाडकन आवाज झाला आणि सगळीकडे ऑलिव्ह उधळली.

सगळ्यांच्या आधी हातेम पोचला. मोंजी पट्ट्यात लटकला होता, पण शुद्धीवर होता. चावी फिरवून त्याने इंजिनही बंद केलं होतं.

“आधी ती सिगारेट विझव, गाढवा,” तो हातेमला म्हणाला. “डिझेल सांडलंय.”

हातेमने सिगारेट लांब नेऊन मातीत चिरडली, परत येऊन मोंजीला खांद्याखाली आधार दिला, हळूच पट्टा सोडवला आणि मग लहान पोरासारखा रडायला लागला. मोंजीचं मनगट मोडलं होतं, बाकी काही नाही.

हाजी संध्याकाळी त्याच्या घरी गेले. काय बोलणं झालं ते कुणालाच कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सगळ्या पाइपांच्या वरच्या जमिनीवर चुन्याने रेघा मारल्या गेल्या आणि तिथून मशीन नेणं बंद झालं. हात प्लास्टरमध्ये असेतो मोंजीला बसून पगार खायचा नव्हता, म्हणून हाजींनी त्याला शिकवायला लावलं. आधी हातेम, मग शेजारच्या घाण्यांचे ड्रायव्हर. दर गुरुवारी अंगणात गर्दी व्हायला लागली.

मार्चमध्ये मीही हळूच विचारलं, “मला जमेल?”

“वजनाचा अंदाज तुझ्याइतका इथे कुणाला आहे?” तो म्हणाला. “ये, पण त्या सपाता काढ. बूट घालून ये.”

मी भावाचे बूट घालून गेले. पहिली पेटी उचलायला मला पाव तास लागला. खाली ठेवली ती जराशी वाकडी, पण एकही ऑलिव्ह सांडलं नाही.