थरथर कुणाची

गल्लीच्या तोंडाशी पत्र्याचं गॅरेज होतं आणि त्यातल्या मेकॅनिकला सगळे तोफ म्हणायचे. हात चालायच्या आधी याचं तोंड चालतं, असं त्याची बायको म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं. बॉनेट उघडलं की तो आधी गाडीला शिव्या घालायचा, मग ती बनवणाऱ्याला, मग तिला आधी हात लावलेल्या मेकॅनिकच्या सात पिढ्यांना. तेव्हा कुठे त्याला बिघाड दिसायला लागायचा. पण एक मात्र खरं, नसलेला बिघाड त्याने कधी सांगितला नाही आणि असलेला कधी झाकला नाही. त्यापायी अर्धी गिऱ्हाइकं तोडून बसला होता.

एके सकाळी एकजण आपल्या म्हाताऱ्या वडिलांना त्यांच्या पंचवीस वर्षं जुन्या गाडीसकट घेऊन आला. वडील म्हणजे शाळेतले गणिताचे मास्तर. तोफेला त्यांनी दोनदा नापास केलं होतं, आणि रास्तच केलं होतं. परवा गाडी फाटकाच्या खांबाला घासली. स्टिअरिंग थरथरतं, म्हणून घासली, असं मास्तरांचं म्हणणं. मुलगा म्हणे, जुनी गाडी थोडी हलणारच, पण खरे थरथरतात ते बाबांचे हात. आधी एका मेकॅनिकने प्लग बदलून पाहिले, दुसऱ्याने चाकं बॅलन्स केली, फरक शून्य. तोफेलाही काही सापडलं नाही तर आजपासून चावी आपल्याकडे, हे त्याने वडिलांसमोरच सांगून टाकलं. तोफेचं टाळकं सटकलं. बापाला असं चारचौघांत बोलतात होय?

चाकांचा दोष असता तर वेगाबरोबर थरथर वाढली असती. ही भवानी उभ्या उभ्या थरथरत होती आणि पळायला लागली की शहाण्यासारखी वागत होती. मग त्या दिवट्याने चाकांना हात कशाला लावला? तोफ सायलेन्सरजवळ कान देऊन बसला. ठोके एकसारखे, एकही चुकत नव्हता. म्हणजे प्लगवाल्यानेही दिवेच लावले होते. मग त्याने मुलाला स्टिअरिंगवर बसवलं, ब्रेक दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच जरासा सोडायला लावला, आणि स्वतः बाजूला उभा राहून वाकून बघितलं. इंजिन जागेवरून टुणकन उचललं गेलं.

"फाउंडेशन गेलंय," तोफ म्हणाला.

मुलाला काही बोध होईना. तेव्हा तोफेने समजावलं, की इंजिन ज्या तीन रबरी बैठकांवर बसतं त्यांना गॅरेजात फाउंडेशन म्हणतात. तिन्हींचं रबर लोखंडापासून सुटलं होतं आणि इंजिनाचा प्रत्येक धक्का थेट स्टिअरिंगपर्यंत पोचत होता. दुपारपर्यंत त्याने जॅकवर लाकडी ठोकळा ठेवून इंजिन तोललं आणि तिन्ही बैठका नव्या बसवल्या. गाडी चालू केली तर चालू आहे की बंद ते कळेना. मग तोफेने मुलाला असं काही सुनावलं की तो खजील होऊन म्हणाला, चावी बाबांकडेच राहू दे, आणि घरी फोन करायला रस्त्यापलीकडे गेला.

मास्तर स्टिअरिंगवर बसले होते. आता तरी मास्तर शाबासकी देतील म्हणून तोफ खिडकीत वाकला. स्टिअरिंग अगदी स्थिर होतं. त्यावर मास्तरांचे हात लटलट कापत होते.

तोफेला आयुष्यात पहिल्यांदा शिवी सुचली नाही. फार वाईट वाटलं त्याला.

"दोन वर्षांपासून ठाऊक होतं मला, इंजिन उड्या मारतंय ते," मास्तर हळूच म्हणाले. "गाडी हलत होती तोवर थरथर तिची की माझी, हे कुणाला नक्की सांगता येत नव्हतं." मग रस्त्यापलीकडे एकदा बघून घेत त्यांनी विचारलं, "जुनीच रबरं परत बसवता येतील का रे?"

येत होती. अर्ध्या दिवसाचं काम. जुनी रबरं तिथेच पायाशी पडली होती.

"येतील," तोफ म्हणाला. "पण मी बसवणार नाही, मास्तर. उतरा. घरी मी सोडतो. पोराला वाटेत तुम्हीच सांगा."

मास्तरांनी चावी फिरवून गाडी बंद केली. मग उतरले, गाडीला वळसा घालून शेजारच्या सीटवर येऊन बसले. सवयीने त्यांचा हात आरसा नीट करायला वर गेला, आणि त्यांनी तो तसाच खाली घेतला.